‘नाटक’ हा शब्द परत घ्या

गेल्या सप्टेंबरात मरियामातेच्या नोव्हेनाच्या सातव्या दिवशी, मिस्सा चालू असतानाच, आमच्या चर्चमधील मागच्या बाकावरची एक तरुणी खाली कोसळली. डोळे घट्ट मिटलेले, मान एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जोरजोराने हलत होती, हातपाय जमिनीवर आपटत होते. ही मुलगी सबंध धर्मग्रामाला ठाऊक आहे. लहानपणापासून तिला फीट येत असे. दीड वर्षापूर्वी तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, आजार गेला, आणि तिच्या आईवडिलांनी याच वेदीसमोर आभाराची मिस्सा अर्पण केली. त्या मिस्सेला आम्ही सारे हजर होतो, नंतरच्या जेवणालाही होतो.

त्या संध्याकाळी कोणी कांदा आणायला धावले, कोणी नाकाशी चप्पल धरली, एका गृहस्थांनी तिच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. आठ-दहा मिनिटांनी ती शांत झाली आणि हुंदके देऊन रडू लागली. आईने तिला रिक्षात घालून घरी नेले. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आम्ही घोळक्याने उभे राहिलो आणि तेथे तीन वाक्ये उच्चारली गेली. पहिले, “एवढा पैसा ओतला, ऑपरेशन फुकट गेले.” दुसरे, “डॉक्टर म्हणतात मेंदूत आता काही नाही. म्हणजे नाटकच की!” आणि तिसरे, हलक्या आवाजात, “हे बाहेरचे आहे. शिबिराला न्या, कोणाकडून तरी डोक्यावर हात ठेवून घ्या.”

तीन वाक्ये, तीन निवाडे. प्रश्न मात्र एकानेही विचारला नाही. हा लेख त्या तिन्ही निवाड्यांविरुद्ध आहे. मीही त्या घोळक्यात होतो आणि गप्प राहिलो होतो, हेही आरंभीच कबूल केलेले बरे.

प्रथम आजाराविषयी. अपस्मार, म्हणजे आपण ज्याला फेफरे, मिरगी किंवा फीट म्हणतो, तो मेंदूचा विकार आहे. मेंदूतील पेशी विजेच्या सूक्ष्म लहरींनी एकमेकींशी व्यवहार करीत असतात. एखाद्या भागातील पेशींनी ताळतंत्र सोडून एकाच वेळी लहरींचा मारा सुरू केला की झटका येतो. बहुसंख्य रुग्णांचे झटके गोळ्यांनी आटोक्यात राहतात. सुमारे एक तृतीयांश रुग्णांचे राहत नाहीत. या उरलेल्यांपैकी ज्यांच्या झटक्यांचा उगम मेंदूच्या एका निश्चित ठिकाणी, पुष्कळदा कानशिलामागच्या भागात, सापडतो, त्यांचा तेवढा भाग शस्त्रक्रियेने काढून टाकता येतो.

या उपचाराशी आपल्या ख्रिस्ती समाजाचा जवळचा संबंध आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ साली भारतातील मेंदूशस्त्रक्रियेचा पहिला विभाग उभारला आणि अपस्मारावरील शस्त्रक्रियेचा आपल्या देशातील आरंभही १९५०च्या दशकात त्यांनीच केला. पुढे १९९०च्या दशकात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेत आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत या शस्त्रक्रियांची शिस्तबद्ध केंद्रे सुरू झाली. आज मुंबईतही त्या होतात.

या शस्त्रक्रियेचा उपयोग होतो काय? कॅनडात २००१ साली ८० रुग्णांवरील एक काटेकोर चाचणी प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रिया झालेल्या गटात वर्षअखेर शंभरांतले ५८ जण शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते. केवळ गोळ्या घेणाऱ्यांत ८ जण. दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेने २०१७ साली ११६ मुलांवरील चाचणी प्रसिद्ध केली. तेथे हेच प्रमाण शस्त्रक्रियेनंतर शंभरात ७७ आणि केवळ गोळ्यांवर ७ असे आढळले. तेव्हा मुलीच्या आईने परवा मला जो प्रश्न विचारला, “आम्ही ऑपरेशन करून चूक केली का हो?”, त्याचे उत्तर स्पष्ट आहे: नाही, बाई, तुम्ही चूक केली नाही.

मग झटके पुन्हा का आले? येथेच पहिला निवाडा कोसळतो. शस्त्रक्रियेनंतरचा प्रत्येक झटका हा जुन्याच आजाराचा नसतो. काही जणांना उरलेल्या किंवा परतलेल्या अपस्माराचे झटके येतात. काही जण बरे वाटू लागले म्हणून आपल्याच मनाने गोळ्या बंद करतात आणि झटका ओढवून घेतात. काही थोड्या रुग्णांना मात्र एक निराळाच झटका येऊ लागतो. बाहेरून तो फीटसारखा दिसतो, पण त्या वेळी मेंदूचा विद्युत आलेख काढला तर अपस्माराच्या लहरींचा त्यात मागमूस नसतो. वैद्यकात यांना सायकोजेनिक नॉनएपिलेप्टिक सीझर्स म्हणत आले आहेत. अलीकडे फंक्शनल सीझर्स हे नाव अधिक पसंत केले जाते. आपण त्यांना मनोजन्य झटके म्हणू. अमेरिकेतील एका केंद्राने १९९८ साली शस्त्रक्रिया झालेल्या ९६ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांतल्या ५ जणांना असे झटके नव्याने सुरू झाले होते. म्हणजे ही बाब विरळ असली तरी अघटित नाही. त्या मुलीचे झटके याच प्रकारचे आहेत, हे रुग्णालयात तिला काही दिवस ठेवून, कॅमेरा आणि विद्युत आलेख एकाच वेळी चालू ठेवून, ठरवण्यात आले आहे. शस्त्रक्रियेने जे काढायचे होते ते काढले. ती फुकट गेलेली नाही. अपुरे राहिले ते दुसरेच काहीतरी, आणि त्या अपुरेपणात आपलाही वाटा आहे.

तो कसा, ते सांगतो. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे पीटर ब्लाडिन, सारा विल्सन आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांचे आयुष्य न्याहाळत होते. त्यांच्या ध्यानात आले की झटके थांबूनही काही रुग्ण सुखी दिसत नाहीत. ते गोंधळतात, चिडतात, खचतात. १९९०च्या दशकात आरंभलेल्या आणि २००१ साली सविस्तर मांडलेल्या या विचाराला त्यांनी नाव दिले ‘बर्डन ऑफ नॉर्मॅलिटी’, म्हणजे सामान्यपणाचे ओझे. निरोगी होणे हेही ओझे असू शकते, हे प्रथम ऐकताना विचित्र वाटते. पण आपल्याच घरांकडे पाहा.

एखादे मूल सातव्या-आठव्या वर्षी आजारी पडते. त्याला विहिरीवर जाऊ देत नाहीत, चुलीपाशी बसू देत नाहीत, सहलीला पाठवत नाहीत. आई रात्री त्याच्याच खोलीत झोपते. शिक्षक त्याला प्रश्न विचारत नाहीत. लग्नाच्या गोष्टी निघाल्या की घरातले विषय बदलतात. अशी पंधरा-वीस वर्षे जातात. मग एके दिवशी शल्यविशारद सहा तासांत तो आजार काढून टाकतो, आणि आठवड्याभराने टाके काढून घरी आलेल्या त्या माणसाला सारे जग एका सुरात सांगते, “आता तू बरी झालीस ना? मग नोकरी कर. स्वयंपाक शिक. लोकलने एकटी जा. स्थळे बघायला सुरुवात करू.” ज्या व्यक्तीला कधी एकटीने रस्ता ओलांडू दिला नाही, तिने आता एका उडीत सारे आयुष्य ओलांडावे, अशी ही अपेक्षा असते. भाऊ म्हणतो, इतकी वर्षे हिचेच लाड झाले, आता हिने हातभार लावावा. आईचेही एक विचित्र होते: वीस वर्षे जिच्यासाठी जागली, तिला आता आपली गरज नाही, या जाणिवेने ती आतून रिकामी होते आणि तरीही मुलीला क्षणभर नजरेआड होऊ देत नाही. सर्वांनी आनंदी असायलाच हवे अशा या घरात “मला भीती वाटते” हे वाक्य उच्चारायला जागाच उरत नाही. आभाराची मिस्सा झालेली असते. कोणत्या तोंडाने सांगायचे?

जे तोंडाला सांगता येत नाही, ते कधी कधी शरीर सांगू लागते. ज्याने पंधरा वर्षे झटके सोसले, त्याच्या शरीराला झटक्याची वाट पाठ झालेली असते. भय, ताण किंवा जुनी जखम असह्य झाली की जाणीव क्षणभर बाजूला सरते आणि शरीर त्या ओळखीच्या वाटेने निघून जाते. आज पुष्कळ तज्ज्ञ या झटक्यांचा उलगडा असा करतात. अर्थात हे एकच कारण सर्वांना लागू नाही. काहींना शस्त्रक्रियेपूर्वीच नैराश्याचा किंवा चिंतेचा विकार असतो, काहींच्या शस्त्रक्रियेत गुंतागुंत झालेली असते, काहींच्या बालपणी अत्याचार झालेला असतो. म्हणून कोणाच्या घरात काय घडले असेल याचे तर्क लढवण्याचाही अधिकार आपल्याला नाही.

आता दुसरा निवाडा: नाटक. हा तिन्हींत सर्वांत क्रूर, आणि तो सुशिक्षितांच्याच तोंडी अधिक असतो. त्यांचा युक्तिवाद असा: आलेख स्वच्छ आहे, म्हणजे आजार नाही, आजार नाही, म्हणजे सोंग आहे, शिवाय झटके माणसांसमोरच येतात, एकटी असताना येत नाहीत. या युक्तिवादाची प्रत्येक पायरी निसरडी आहे. आलेखात अपस्माराच्या लहरी दिसत नाहीत, एवढ्यावरून अपस्मार नाही एवढेच फार तर सिद्ध होते. माणूस खोटा आहे हे सिद्ध होत नाही. लाजेने चेहरा लाल होतो, भीतीने पोटात गोळा येतो, दुःखाची वार्ता ऐकून माणूस घेरी येऊन पडतो. यातले काय आपण ठरवून करतो? मनोजन्य झटक्यावर रुग्णाचा ताबा नसतो, हे या विषयातील जाणकारांचे मत आहे. आणि गर्दीत, मिस्सेत, लग्नमंडपात झटका येत असेल तर त्याचे साधे कारण असे की तिला गर्दीचेच भय वाटते. शिवाय असे झटके एकांतातही येतात. फक्त ते पाहायला आपण तेथे नसतो.

या गैरसमजाला इतिहास आहे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अपस्माराचे रुग्ण आणि तेव्हा ज्यांना हिस्टेरियाचे म्हणत ते रुग्ण एकत्र ठेवलेले असत. तेथील थोर मज्जाविकारतज्ज्ञ जाँ-मार्टिन शार्को यांनी दोन्ही झटक्यांचे बारकाईने निरीक्षण केले. पण त्यांनी या स्त्रियांना भरसभेत, प्रेक्षकांसमोर, दाखवण्याची प्रथाही पाडली. १८८७ सालच्या आंद्रे ब्रुइए यांच्या प्रसिद्ध चित्रात ते दृश्य आजही पाहायला मिळते: मध्यभागी अर्धशुद्धीतली एक स्त्री आणि सभोवती टक लावून पाहणारे पुरुष. हिस्टेरिया हा शब्दच मुळी गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आलेला. शार्को यांनी स्वतः पुरुषांमधील अशा विकारावर लिहिले, तरी कलंक मात्र बाईच्याच कपाळी राहिला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या अधिकृत वर्गीकरणातून हा शब्द काढून टाकला. आपल्या आवारातून तो अजून गेलेला नाही. आपण त्याचे भाषांतर ‘नाटक’ असे केले, एवढेच.

या शब्दाची किंमत काय पडते? जर्मनीत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, झटके सुरू झाल्यापासून योग्य निदान होईपर्यंत सरासरी सात वर्षांहून अधिक काळ गेल्याचे दिसले. सात वर्षे नको त्या गोळ्या, नको ते डोस. कधी कधी तर आपत्कालीन विभागात न थांबणारी फीट समजून गुंगीची औषधे आणि श्वासाची नळीसुद्धा. मेलबर्न येथूनच २०२० साली आलेल्या अभ्यासाने आणखी एक कटू सत्य समोर ठेवले: मनोजन्य झटके असलेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या अडीच पट होते. त्या मृत्यूंची कारणे अनेक होती. पण ज्या माणसांना आपण सोंगाडे म्हणून हसतो, ती अकाली मरत आहेत, एवढे तरी यातून समजावे.

आणि उलट धोकाही ध्यानात घ्या. मेंदूच्या पुढच्या भागातून उगम पावणारे काही खरे अपस्माराचे झटके दिसायला इतके चमत्कारिक असतात की अनुभवी डॉक्टरही त्यांना मनोजन्य समजून फसले आहेत. काही रुग्णांना दोन्ही प्रकारचे झटके येतात. मिटलेले डोळे, बाजूला हलणारी मान, लांबलेला झटका, नंतरचे रडणे ही चिन्हे तज्ज्ञाला दिशा देतात. त्यांतले एकही एकट्याने निर्णायक नसते. जे ठरवायला तज्ज्ञांना कॅमेरा आणि आलेख घेऊन दिवसचे दिवस लागतात, ते आपण आवारात दोन मिनिटांत कसे ठरवतो?

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सर्वांनी दहा आज्ञा पाठ केल्या. आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करते. आपण समजतो की ती आज्ञा कोर्टकचेरीपुरती आहे. पण जिच्या मनात काय चालले आहे हे मला ठाऊक नाही, तिला मी चारचौघांत ढोंगी म्हणतो, ही खोटी साक्ष नव्हे तर काय? आणि मी तेथे उभा राहून गप्प बसतो, तेव्हा त्या साक्षीवर माझीही सही होते. हे पाप मी पापनिवेदनात सांगितले आहे. आज छापूनही सांगत आहे.

तिसरा निवाडा बाहेरच्या बाधेचा. येथे मला जपून लिहिले पाहिजे, कारण प्रार्थनेची टवाळी करण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणे, धर्मगुरूंकडून रुग्णाभ्यंग घेणे, मरियामातेपुढे मेणबत्ती लावणे हे आपले आश्रय आहेत आणि राहोत. माझा वाद आहे तो झटक्याला सैतान म्हणणाऱ्यांशी, आणि विश्वासाची परीक्षा म्हणून गोळ्या फेकून द्यायला सांगणाऱ्यांशी. त्यांना वाटते की ते ख्रिस्तसभेची शिकवण सांगत आहेत. ते तिच्या विरुद्ध बोलत आहेत.

१६१४ सालच्या रोमन विधिग्रंथाने भूतनिवारकाला पहिलीच सूचना केली ती अशी की, कोणाला बाधा झाली आहे यावर सहजासहजी विश्वास ठेवू नये. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या सुधारित विधीनेही आजारी माणसाला, विशेषतः मनाचा आजार असलेल्याला, बाधित समजू नये असे बजावले आहे. १९८३च्या धर्मसंहितेतील ११७२व्या कलमानुसार हा विधी करण्यास बिशपांची स्पष्ट परवानगी लागते आणि ती केवळ योग्य अशा धर्मगुरूलाच मिळू शकते. मग शिबिराच्या मंडपात कोणीही ध्वनिक्षेपकावरून सैतानाला आज्ञा देतो, हे कोणत्या अधिकाराने?

आपल्या ख्रिस्तसभेकडूनही पूर्वी चूक झाली आहे, हे लपवण्याचे कारण नाही. १९१७च्या संहितेत अपस्मारी, वेडे आणि सैतानबाधित यांना एकाच ओळीत बसवून याजकपदासाठी अपात्र ठरवले होते. १९८३च्या संहितेने अपस्माराचा तो उल्लेख काढून टाकला. रोमने जे सहासष्ट वर्षांनी सुधारले, ते आपण अजून धरून बसलो आहोत. आणि न सुधारल्याचे परिणाम काय होतात ते जर्मनीतील क्लिंगेनबर्ग गावाने पाहिले आहे. अॅनेलीज मिशेल ही कॅथलिक विद्यार्थिनी अपस्माराच्या निदानाखाली औषधे घेत होती. पुढे बाधा समजून तिच्यावर महिनोन्‌महिने ६७ वेळा भूतनिवारणाचे विधी झाले. १ जुलै १९७६ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ती उपासमारीने मरण पावली. १९७८ साली न्यायालयाने तिच्या आईवडिलांना आणि दोन धर्मगुरूंना निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्याबद्दल दोषी ठरवले. त्या घरात श्रद्धा कमी नव्हती, प्रेमही कमी नव्हते. डॉक्टरांचा मार्ग मात्र तिच्यापासून तुटला होता.

सारा दोष आपल्याच माथी मारून रुग्णालयांना मोकळे सोडणे हेही अन्यायाचे होईल. या मुलीच्या आईवडिलांना शस्त्रक्रियेपूर्वी रक्तस्रावाची, संसर्गाची, स्मरणशक्तीला धक्का बसण्याची शक्यता समजावली गेली; संमतीपत्रावर सह्या झाल्या. शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य कसे असेल, बरे होण्याचीही तयारी करावी लागते, यावर कोणी एक शब्द बोलले नाही. आणि झटके मनोजन्य आहेत हे कळल्यावर त्यांना मिळालेला निरोप एवढाच होता: “मेंदूत काही नाही, आता मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.” ज्या कुटुंबाने त्या विभागाच्या दारात वर्षे काढली, त्याला हे वाक्य हाकलून दिल्यासारखे वाटले. निदान सांगण्याची रीत हीच उपचाराची पहिली पायरी असते. झटके खरे आहेत, ते तू मुद्दाम करीत नाहीस, ते अपस्माराचे नाहीत ही चांगली बातमी आहे, आणि आम्ही तुला सोडत नाही, असे नीट समजावून सांगितल्यावर काही रुग्णांचे झटके तेवढ्यानेच कमी होतात, असा अनुभव आहे.

पुढचा उपचार मुख्यतः मानसोपचाराचा. तो जादूची कांडी नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. ब्रिटनमध्ये ३६८ प्रौढ रुग्णांवर केलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, वर्षअखेरच्या झटक्यांच्या संख्येत या उपचाराने खात्रीलायक फरक पडलेला दिसला नाही. पण उपचार घेतलेल्यांना झटक्यांचा जाच कमी वाटू लागला आणि रोजच्या जगण्यातले त्यांचे अडथळे कमी झाले. ज्याला बाजारात जाता येत नव्हते त्याला जाता येऊ लागले, तर ते थोडे का आहे? २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येक नागरिकाला या उपचाराचा हक्क दिला आहे आणि विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच वागवावे असे बंधन घातले आहे. तो हक्क मागण्याची लाज वाटू देऊ नये.

धर्मग्राम म्हणून आपण काय करावे? पहिली गोष्ट अगदी साधी. कोणालाही झटका आला की जवळच्या टोकदार वस्तू दूर करा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, जमल्यास कुशीवर वळवा आणि गर्दी हटवा. अंग दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका, पाणी पाजू नका. कांदा, चप्पल, किल्ल्या यांनी कोणताही झटका थांबत नाही. त्यांनी फक्त माणसाचा अपमान होतो. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, किंवा पहिलाच झटका असला, तर रुग्णालय गाठा. घरच्यांपैकी कोणाला मोबाइलवर चित्रण करता आले तर डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो. मात्र ते चित्रण डॉक्टरांसाठी असते, धर्मग्रामाच्या ग्रुपवर फिरवण्यासाठी नसते. आणि डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज एकही गोळी कमी करू नका. शस्त्रक्रियेनंतरही अचानक गोळ्या थांबवल्याने खरा अपस्मार उसळू शकतो.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. ज्या घरात अशी शस्त्रक्रिया होणार आहे, त्या घराकडे लघु ख्रिस्ती समूहाने शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात जावे, तसेच नंतरची दोन वर्षेही जावे. बरे झालेल्या माणसाला एकदम सारे पेलायला लावू नये. आज चर्चमध्ये एक वाचन, पुढच्या महिन्यात बालवर्गाला मदत, मग शिवणवर्ग किंवा संगणकवर्ग, असे पायरीपायरीने. स्थळे थांबतील, ती कोठे पळून जात नाहीत. आईलाही विचारावे, बाई, तू स्वतः कशी आहेस? आपल्याकडे परिचारिका आहेत, समाजसेवेचे शिक्षण घेतलेल्या धर्मभगिनी आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. नोव्हेनाच्या मंडपाला आपण जेवढी माणसे उभी करतो, त्यांच्या दशांशाने हे काम होईल.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील त्या मुलाची आठवण करा. बाप त्याला घेऊन आला आहे, शिष्यांचे काही चाललेले नाही, शास्त्री वाद घालीत आहेत, गर्दी जमली आहे. मूल जमिनीवर कोसळून लोळत असताना प्रभू येशू काय करतो? तो बापाला विचारतो, हे याला केव्हापासून होत आहे? त्या साऱ्या गर्दीत हा प्रश्न विचारणारा तो एकटाच होता. बाप सांगतो, लहानपणापासून. प्रभू त्याचे सारे ऐकून घेतो आणि मगच पुढचे करतो. आणि बरे झाल्यावरची गोष्ट आपण वाचताना नेहमी घाईने ओलांडतो. मुलगा मेल्यासारखा निपचित पडतो. गर्दी लगेच निवाडा देते की तो मेला. प्रभू त्या निवाड्याकडे लक्ष देत नाही. तो मुलाचा हात धरतो, त्याला उठवतो, आणि मग तो मुलगा आपल्या पायांवर उभा राहतो. आजार गेल्यावरही हात धरावा लागला, तेव्हा कुठे तो उभा राहिला.

शल्यविशारदाने आपले काम केले आहे. हात धरण्याचे काम आपल्यावर आहे. नोव्हेनानंतर ती मुलगी चर्चमध्ये आलेली नाही. लोक बघतील, म्हणून तिने येणे सोडले, असे तिची आई म्हणाली. येत्या रविवारी मी आणि माझी पत्नी तिच्या घरी जाणार आहोत. त्या आवारात जे होते, त्यांनीही सवडीने जावे. जाताना कांदा, चप्पल आणि किल्ल्या घरी ठेवाव्यात. आणि ‘नाटक’ हा शब्द, जेथे उच्चारला तेथेच, सर्वांसमक्ष, परत घ्यावा.